काचपेटीतली उल्का

वच्छलाबाई चष्मा पुसून काचेच्या पेटीपाशी वाकल्या, तसं गजेंद्र सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीतली उल्का वच्छलाबाईंची नव्हतीच.

त्यांची उल्का खालच्या खणात होती, बिस्किटाच्या डब्यात. तीन तुकडे आणि मूठभर तांबूस भुगा. बारा वर्षांपूर्वी ती भातकुलीजवळ त्यांच्या वावरात पडली होती. वखराच्या लोखंडी पासेला गंज चढू नये म्हणून लावतात तसं जवसाचं तेल त्या दर मृगाआधी तिलाही लावायच्या. अमरावतीच्या कॉलेजात उल्कांचा संग्रह आहे असं कळलं, तेव्हा लुगड्यात गुंडाळून, एसटीनं येऊन देऊन गेल्या. पावतीसुद्धा मागितली नाही. संग्रह सांभाळणाऱ्या सरांनी तेल बघून नाक मुरडलं आणि नळाखाली साबण लावून ती लख्ख धुतली. तिथंच घात झाला. पुढं दोन पावसाळे पेटीतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्याही राहून गेल्या.

आज विज्ञान दिन. प्राचार्यांनी वच्छलाबाईंच्या सत्काराचा घाट घातला आणि सरांची धांदल उडाली. स्वतः विकत घेतलेली, साधारण तेवढीच एक उल्का त्यांनी सकाळी घरून आणून पेटीत ठेवली. त्यांच्या व्याख्यानाचा विषय कोणता, तर ‘उल्कांना गंजापासून कसं वाचवावं’. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथं तर पाषाणही कोरडा राहिला नव्हता.

सरांनी पेटी उघडली. वच्छलाबाईंनी दगडावरून हात फिरवला, एकदा उलटा करून पाहिला. चाळीस पोरं बघत होती.

“आजी, हाच का तुमचा दगड?” पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

वच्छलाबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी नजर चुकवली.

“हो बाई, हाच हाय,” त्या म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. सरांचा जीव भांड्यात पडला. इतका, की व्याख्यानात ते बोलूनही गेले, “बघा, कुठं गंजाचा ठिपका तरी दिसतो का?”

शाल-नारळ झाल्यावर सर त्यांना खाली फाटकापर्यंत सोडायला गेले. राजापेठला जाणारा ऑटो थांबला. आत बसता बसता वच्छलाबाईंनी हळूच विचारलं, “आमचा गोटा कुठं हाय, सर?”

सरांना इतकी लाज वाटली, की खोटंसुद्धा सुचेना.

“गंजला,” ते म्हणाले. “तुकडे झाले. माझ्याच हातानं.”

वच्छलाबाईंनी नारळ मांडीवर नीट ठेवला, शालीची घडी केली.

“चारचौघात तुमची मान खाली जाऊ नाही, म्हणून म्या हो म्हटलं,” त्या म्हणाल्या. “पन शिकती लेकरं हायत ते. आता वर जा अन् त्याईले तेवढं सांगून द्या, की बुढी खोटं बोलली.”