आसऱ्याचा गुण

ग्रंथांनी गुळवेलीला ‘अमृता’ म्हटले आहे, आणि ती ज्याच्या आसऱ्याने वाढते त्याचा गुण घेते, असेही बजावले आहे. कारेगावच्या कस्तुराबाईंनी ग्रंथ वाचलेले नाहीत. पण एवढे त्यांनाही ठाऊक होते, म्हणून त्या घरामागच्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचाच काढा रोज घेत.

त्यांची मुलगी तेजश्री शिरूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने याच वेलीचा अर्क काढला, तेव्हा कोणत्याही गुळवेलीत आजवर न आढळलेले एक संयुग त्यात सापडले. पडताळणी अजून व्हायची होती. तरी प्राचार्यांनी शाल, नारळ आणि वार्ताहर एकाच दिवशी बोलावले.

“मॅडम, शंका नंतर काढा,” ते म्हणाले, “आधी फोटो काढू.”

फोटो निघाला. पण तेजश्रीने शंकाही काढलीच. ताडून पाहायला तिने दूरच्या वडगाव रासाई गावातल्या कडुनिंबावरची गुळवेल तपासली. तिच्यात ते संयुग नव्हते. मग आईच्या घरामागच्या ओढ्याचे पाणी तपासले, ज्यात एका कारखान्याचे सांडपाणी येते. त्यात ते होते, आणि भरपूर होते. वेल ग्रंथाच्या शब्दाला जागली होती.

तिने आईला फोन लावला. “आई, तो काढा आजपासनं बंद. एक थेंबसुद्धा घ्यायचा न्हाई.”



“अगं, मला कुठला उरतोय? पेपरात तुझा फोटू आल्यापास्नं लेकराबाळांसकट अख्खी आळी पेलं घिऊन दारात उभी हाय.”