पाचवी मर्सी

रूपालीची नोकरी गेली. पण सिंदी मेघे गावातल्या तिच्या घरी जणू तसं काही झालेलंच नाही. ती आजही नऊच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसते.

काम साधं होतं. अमेरिकेतल्या जुन्या घराण्यांच्या वह्यांचे फोटो पाहून कोण कधी जन्मलं, कधी वारलं ते टाइप करायचं. १७४० सालच्या एका घरात मर्सी नावाची मुलगी वारली, म्हणून दुसरीचंही नाव मर्सी ठेवलं. तीही गेली. चौथी मर्सी गेल्यावर रूपालीने पाचवीचं नाव परस्पर धोंडी टाकलं.

"अमेरिकेत धोंडी कुठून आली वं?" सुपरवायझर गजेंद्रभाऊंनी फोनवर विचारलं.

"चारदा एकच नाव, भाऊ. यमाले पत्ता पाठ झाला न! धोंडीले थो हात नाई लावत. माह्या आजीचं नाव धोंडी होतं, ब्याण्णव वर्षं जगली."

"अवं, तीनशे वर्षं झाले, मेलीच असन ते! पुढच्या पानावर तारीख हाय, टाइप कर."

"म्हून तर पान उघडलं नाई."

पान उघडलं नाही म्हणून नोकरी गेली, तेव्हा कंपनीला तिचा शेवटचा अर्ज गेला:



"सदर वहीचे पुढील पान कोणासही उघडू देण्यात येऊ नये, धोंडी आत्ताच झोपली आहे, ही नम्र विनंती."