नागपंचमीचा चिंचोका

नागपंचमीला खणू नये, चिरू नये, असं आईनं बजावलं होतं. तरी राजेश्वरीनं अंगणात चमच्यानं उकरून चिंचोका पुरलाच. दुसऱ्या दिवशी धाकटा नंदीश तापानं फणफणला. राजेश्वरीनं जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. शेवटी आईच्या पदरात तोंड खुपसून ती रडली, "माझ्यामुळंच ताप आलाय. काल मी खणलं."

"खुळी हायस का? असलं काय नसतंय," आईनं तिचे डोळे पुसले. "डॉक्टरांनी औषध दिलंय की. जा, खेळ जा."

राजेश्वरी उड्या मारत पळाली. थोड्या वेळानं पाणी प्यायला आत आली, तर आई मातीच्या नागोबापुढं कान धरून उभी होती.

"लेकराला सोड रे देवा. काल त्याच्यासाठीच सफरचंद चिरलं मी."