पाग

दहिवलीच्या श्रीपतने लेकीसाठी पांगाऱ्याच्या लाकडाची होडी कोरली, पण पाण्यात सोडली की ती आडवी व्हायची. बुडाशी वजन हवं होतं. त्याने माळ्यावरचा मासे धरायचा जाळीचा पाग काढला, त्याच्या काठाचे शिशाचे मणी तोडून चपटे केले आणि होडीच्या बुडाला ठोकले. होडी नीट तरंगली.

बायजा मात्र पाग उलगडून बसली होती.

"बाबा, आई जायच्या आदी मासं मागत व्हती, तवा तू बोललास, पाग फाटलाय. भोक कुठं हाय?"

तेव्हा श्रीपतला गार पाण्यात उतरायचा कंटाळा आला होता.

"ती गेल्यावर शिवलास व्हय?"

"व्हय गं."

"किती चांगला शिवलास, बाबा! कुठं फाटला व्हता, कळत पण नाय."