पोलादपूरची नवी शेड
महाडच्या सेन्सर कारखान्याची व्यवस्थापक प्रियदर्शिनी विस्ताराचा प्रस्ताव मांडत होती, तेवढ्यात पुण्याहून आलेल्या मालकांनी तिला थांबवलं. “नवी शेड चाकणलाच होईल. इथे पुरात मशिनं बुडाली होती, विसरलात?” “चिखल मीही उपसलाय, सर. घरं तशीच टाकून आपल्या कामगार बायका आधी कारखान्यात आल्या, म्हणून तुमचं काम पुन्हा सुरू झालं.” “भावनेवर धंदा चालत नाही.” “म्हणूनच पोलादपूरला उंचावरची कातळाची जागा शोधलीय. तिथे पूर पोचत नाही आणि दरडीचीही भीती नाही.” “आणि बायका तिथवर येतील?” दारात उभी असलेली कामगार भागूबाई पुढे झाली. “आमी येऊ, सायेब. पन चाकणला एकबी जानार नाय. तिथं नव्या पोरींना शिकवायला कोन हाय?” मालक खुर्चीतून उठले. मग म्हणाले, “जागा कधी दाखवता?” “आत्ता,” प्रियदर्शिनी म्हणाली आणि जिना उतरू लागली.