आरशाला टेकलेली गाडी

लांबच्या प्रवासाच्या त्या आलिशान गाडीचा नमुना भरीव मातीचा होता, तोही अर्धाच. उरलेली अर्धी गाडी शेजारचा आरसा दाखवायचा. ताईने रेखाटलेली गाडी धाकटा भाऊ मातीत घडवत होता.

“दार उघडं का रे ठेवलंस?” ताईने विचारलं.

भाऊ हसला. “चष्मा पूस, बाईसाहेब! मातीचं दार उघडेल कसं?”

खरंच, मातीवर दाराची नुसती रेघ होती. आरशातलं दार मात्र उघडं होतं आणि आत स्टिअरिंगशी भाऊ बसला होता.

“देवा रे! तू तिकडे कसा?”

“मी इथेच आहे की, ताई.”

आरशातलं दार मिटलं. आतला भाऊ काचेवर मुठी आपटू लागला.

“चल, आधी बाहेर चल!” म्हणत ताईने शेजारच्या भावाचं मनगट घट्ट धरलं.

तिची बोटं त्यात अलगद रुतली.