मुलगा पाहिजे

अदिस अबाबाच्या चौकात फळ्यावरच्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचण्यात तेस्फायेची चार वर्षं गेली होती. "आज काहीतरी होईल बघ," कॉफी देताना आई म्हणाली होती.

फळ्याच्या कोपऱ्यात नवा कागद होता. 'म्हाताऱ्या आईसाठी मुलगा पाहिजे. वय एकोणतीस. नोकरी असलेल्यास प्राधान्य.' खाली त्याच्याच घराचा पत्ता होता.

"जागा बरी दिसतेय," शेजारचा माणूस पत्ता उतरवून घेत म्हणाला.

तेस्फाये धापा टाकत घरी पोचला. दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत इस्त्रीच्या कपड्यांतली पोरं रांगेत उभी होती. आई उंबऱ्यात बसून एकेकाचे कागद बघत होती. तिने मान वर केली, पण नजरेत ओळख नव्हती.

"मागे उभा राहा, बाळा," ती मायेने म्हणाली. "आधीचा काही अनुभव आहे का?"